आग्नेस टीचरांच्या विहिरीवरची एक बादली

नऊ नोव्हेंबर, रविवार. सकाळी केळीला पाणी लावले. थोड्या वेळाने वीज गेली आणि पंप बंद पडला. दुपारी कालचीच डाळ गरम करून भात खाल्ला. भांडी घासत होतो तेव्हा नेल्सन यांचा फोन आला. नेल्सन हे आग्नेस टीचरांचे जुने विद्यार्थी आणि या गौरवग्रंथाचे संपादक. लेखासाठी त्यांचा हा कितवा फोन, ते मी मोजलेले नाही. त्यांनी मोजलेले असावेत.

"राऊतकाका, सगळ्यांचे लेख आले. तुमचाच राहिलाय."

मी म्हटले, मी लेखक नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस आहे. तुम्ही दुसरे कोणी पाहा.

"टीचरांनीच तुमचं नाव दिलंय. म्हणाल्या, राऊत माझ्याबद्दल गोड लिहिणार नाहीत, म्हणून त्यांच्याकडून मागा."

वीज अजून आलेली नाही. दुसरे काही करण्यासारखे नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. टीचर येत्या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, हे सुरुवातीलाच नोंदवतो, कारण पुढे ते विसरायला होण्याची शक्यता आहे.

टीचरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या नंदाखालच्या घरापुढे, विहिरीवर झाली. माझी पत्नी माधुरी तेव्हा नुकतीच त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जाऊ लागली होती. आमची मुलगी स्नेहल कॅनडात असते. नात रिया हिला मराठी कळते, पण बोलते ती इंग्रजीच. नातीशी गप्पा मारता याव्यात एवढ्यासाठी माधुरीने साठीत हे मनावर घेतले होते. एका संध्याकाळी मी तिला आणायला स्कूटरवरून गेलो, तर शिकायला गेलेली बायको पदर खोचून विहिरीतून पाणी शेंदत होती. ओटीवर चारपाच बायका आणि एक दाढीवाले गृहस्थ आरामात बसून तिच्याकडे पाहत होते. मला ते बरोबर वाटले नाही. मी टीचरांना म्हटले, "आमच्या घरी पंप आहे. हिला असली कामं करायची सवय नाही."

टीचरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मिस्टर राऊत, त्या पास झाल्यात. नापास झालेले बसलेत ते तिकडे."

माधुरी बादली घेऊन एका सोनचाफ्याच्या रोपाकडे गेली आणि सगळे पाणी तिने त्याच्या बुंध्याशी ओतले. ओटीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्कूटर सुरू करून उभा राहिलो.

ज्यांना टीचरांच्या वर्गाची पद्धत माहीत नाही, त्यांच्यासाठी ती सांगणे आवश्यक आहे. शाळेत अडतीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर टीचरांनी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ओटीवर मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. सुरुवात त्या पाण्यावरच्या इंग्रजी वाक्प्रचारांनी करतात. त्यांचे म्हणणे असे, की आपण वसईची माणसे. खारे पाणी, गोडे पाणी, विहिरीचे, नळाचे, टँकरचे, तुंबलेले, सगळे आपण पाहिले आहे. ज्या विषयावर माणूस घरी तासन्‌तास कुरकुरतो, त्याच विषयावर त्याला परकी भाषा लवकर येते. इथपर्यंत मला मान्य आहे. पुढचा नियम मात्र त्यांचा स्वतःचा आहे. वाक्प्रचाराचा अर्थ पाठ केला, वाक्यात उपयोग करून दाखवला, तरी तो आला असे टीचर मानत नाहीत. त्या वाक्प्रचारात बसेल अशी, स्वतःच्या आयुष्यात खरोखर घडलेली गोष्ट इंग्रजीत उभे राहून सांगायची. ती खरी आहे असे टीचरांना पटले, की तुम्ही पास. मग विहिरीतून एक बादली काढायची आणि वर्गात आल्यावर आपण जे झाड निवडले असेल त्याला घालायची. टीचरांच्या बागेला त्यामुळे कधी माळी ठेवावा लागला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत आहे.

त्या संध्याकाळी माधुरी 'इन हॉट वॉटर' यात पास झाली होती, म्हणजे अंगाशी येणे, अडचणीत सापडणे. घरी जाताना मी विचारले, काय सांगितलेस. ती म्हणाली, "पान्याच्या पाळीचं." माधुरीचे माहेर कामणचे, खाडीकडच्या भातशेतीवाल्यांचे. पस्तीस वर्षे आमच्या वाडीत राहूनही तिने पाण्याला पाणी म्हटले नाही.

"कसली पाळी?"

"मी नवी होते तेव्हाची. बावखलावरचा पंप मी बंद करायला विसरले, पाळी शेजाऱ्यांची होती, आनि सकाळी बावखल रिकामं. तुमच्या आईंनी त्यांनाच बोल लावला. वर्षभर दोन्ही घरं बोलत नव्हती."

बावखल म्हणजे वाडीतले तळे. आमचे आणि शेजाऱ्यांचे सामाईक आहे. ते कोणी रिकामे केले, याची चर्चा आमच्या घरात अनेक वर्षे चालली होती. खरे काय ते मला माझ्या बायकोने सांगितले नाही, आधी आग्नेस टीचरांच्या ओटीवर सांगितले, तेही इंग्रजीत, आणि त्याच शेजाऱ्यांची सून समोर बसलेली असताना. "ती हसली ना पन," माधुरी म्हणाली. "तुम्हीच तेवढे रागावलात." माझ्या अंदाजाने आमच्या पंचक्रोशीतल्या बऱ्याच घरांची गुपिते त्या ओटीवर अशीच बाहेर पडली आहेत.

टीचरांच्या निष्ठेविषयी बोलताना सगळे एक प्रसंग कौतुकाने सांगतात. तो मी रागाने सांगतो. फुलपाड्याला राहणारी एक शिवणकाम करणारी मुलगी वर्गात येत असे. एकदा चार दिवस पाऊस कोसळत होता, तिच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होते आणि ती वर्गाला आली नाही. तर टीचर तिच्याकडे गेल्या. रिक्षावाल्याने पुलाशीच हात जोडले. पुढे या बाई सत्तरी ओलांडलेल्या वयात, चपला हातात धरून, त्या पाण्यातून चालत गेल्या. ती मुलगी त्यांना दारात पाहून म्हणाली, "टीचर, तुम्ही पागल आहात का? एवढ्या पाण्यात कोण येतं?"

"तुला येता येत नव्हतं म्हणून मी आले. बोल. 'कीपिंग माय हेड अबव्ह वॉटर'."

म्हणजे कसाबसा तग धरून राहणे. मशीन पलंगावर चढवून ठेवलेले, दोन गिऱ्हाइकांचे ब्लाउज वर खुंटीला, अशा खोलीत त्या मुलीने उभ्याउभ्या आपली गोष्ट सांगितली आणि पास झाली. बादली काढायला विहीर नव्हती. टीचर म्हणाल्या, खोलीतलं चालेल. मुलीने एक बादली पाणी खोलीतून काढून रस्त्यावर टाकले. नंतर टीचर आठवडाभर तापाने पडून होत्या. दोन वेळचा डबा आमच्या घरून जात होता आणि तो नेऊन पोहोचवण्याचे काम माझे होते. कौतुक करणाऱ्यांनी हा भागही सांगावा.

माधुरी हळूहळू इंग्रजी बोलू लागली. तिचे इंग्रजी चांगले नव्हते. पण दर रविवारी संध्याकाळी कॅनडाहून फोन येई, तेव्हा ती मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवी आणि रियाला त्या आठवड्याचा वाक्प्रचार आणि त्याची गोष्ट सांगे. तासभर दोघी हसत असत. मी बाजूला वर्तमानपत्र वाचत असे. माझा सहभाग शेवटी मोबाइलसमोर येऊन हात हलवण्यापुरता होता. मला बोलायला जमत नाही. कचेरीतही माझी तीच ख्याती होती.

दोन वर्षांपूर्वी माधुरी आजारी पडली. शेवटचा दीड महिना ती रुग्णालयात होती. तिथेही टीचर येत. आजारी माणसाला भेटायला आलेली माणसे बसतात, मोसंबी ठेवतात आणि जातात. टीचर वर्ग घेत. बिछान्यावरून माधुरीने दोन वाक्प्रचार पूर्ण केले आणि त्या बादल्या टीचरांनी स्वतः काढून तिच्या चाफ्याला घातल्या. एक वाक्प्रचार तेवढा उरला. एकदा मी औषधे घेऊन वर आलो, तर टीचर बाहेर पडत होत्या. "आज शेवटचा होता. तो राहिला," त्या म्हणाल्या.

तोपर्यंत डॉक्टरांनी मला काय ते सांगितले होते. मी टीचरांना जिन्यापाशी गाठले आणि म्हटले, "तिच्यात आता ताकद नाही. तिला पास करा. एका बादलीचा तर प्रश्न आहे."

"नाही करता येत, मिस्टर राऊत."

"कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"त्याच विचारतील," टीचर म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

चार दिवसांनी माधुरी गेली. मी कोणावर सहसा रागावत नाही. त्या बाईंवर मात्र रागावलो आणि तो राग सांभाळून ठेवला.

नंतरचे रविवार कठीण होते. फोन येई. रिया दिसे. "कशी आहेस? जेवलीस का?" एवढे मी विचारी. ती हो म्हणे. मग आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत बसू. काही वेळाने ती उठून खेळायला जाई आणि मी स्नेहलशी हवापाण्याचे बोले. फोन दर रविवारचा पंधरा दिवसांवर गेला, मग महिन्यावर. स्नेहल एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही काही बोलतच नाही. तिला वाटतं तुम्हाला तिच्याशी बोलायचं नसतं." माधुरीने पाच वर्षे खपून जोडून ठेवलेले माझ्या हातून सुटत चालले होते, हे मला दिसत होते.

मग एकदा रियाने स्वतःहून विचारले, "आजोबा, आजी सेड वन इज लेफ्ट. विच वन?" एक राहिलाय असे आजी म्हणाली होती, तो कोणता?

मला माहीत नव्हते. मी विरारला स्टेशनजवळून इंग्रजी वाक्प्रचारांचे पुस्तक आणले. त्यात पाण्याचेच इतके निघाले, की नेमका कोणता राहिला ते कळेना. पुढच्या फोनवर मी त्यातले दोन वाचून दाखवले. रिया म्हणाली, "अँड देन?" मग पुढे काय झाले? पुस्तकात पुढे काही झालेले नव्हते.

नाइलाजाने नंदाखालला गेलो. टीचर ओटीवर शेंगा सोलत होत्या.

"माधुरीचा कोणता राहिला होता, तेवढं सांगा."

"नाही सांगणार."

"म्हणजे?"

"सांगितला, तर तुम्ही रविवारी तो पोरीला वाचून दाखवाल आणि फोन ठेवाल. मंगळवारी या. पहिल्यापासून सुरू करू. तुमची बायको बसायची ती जागा रिकामी आहे."

मी तिथून रागारागाने निघालो. मंगळवारी गेलो, कारण दुसरा मार्ग नव्हता.

विद्यार्थी म्हणून टीचरांचा जो अनुभव मला आला, त्याला त्रास याशिवाय दुसरा शब्द सुचत नाही. 'इन डीप वॉटर', म्हणजे निभावणार नाही अशा संकटात सापडणे, यासाठी मी लहानपणी अर्नाळ्याच्या समुद्रात बुडता बुडता वाचलो, अशी गोष्ट तयार करून गेलो. टीचरांनी मध्येच थांबवले.

"भरती होती की ओहोटी?"

"भरती."

"किल्ल्याच्या बाजूला की बंदराच्या?"

मी खिशातला कागद काढून पाहिला.

"हे घडलेलं नाही. बसा."

ओटीवरचे दाढीवाले गृहस्थ, जे त्याच वाक्प्रचारात महिनाभर अडकले होते, माझ्यासाठी सरकून जागा करत हळूच म्हणाले, "या राऊत. 'इन द सेम बोट'." म्हणजे दोघे एकाच अडचणीत. यावर त्यांना बादली मिळाली. मला नाही. असे अनेक आठवडे गेले. मी सांगितलेले खोटे त्यांना कळे, अर्धे खरे तर लगेच कळे. स्वतःबद्दल चार वाक्ये खरी सांगायची म्हणजे किती खोल खणावे लागते, हे मला त्या वयात पहिल्यांदा समजले आणि ते समजावून दिल्याबद्दल मला टीचरांचे आभार मानावेसे मुळीच वाटले नाहीत.

शेवटी 'अ फिश आउट ऑफ वॉटर' आला. पाण्याबाहेर काढलेला मासा, अनोळखी जागी गोंधळून गेलेला माणूस. मी वैतागून जे आठवले ते सांगून टाकले. माधुरी गेल्यावर पहिल्यांदा मी भाजी आणायला आगाशीच्या बाजारात गेलो होतो. आयुष्यात कधी भाजी आणली नव्हती. भाजीवालीने विचारले, काय देऊ? मला एकाही भाजीचे नाव आठवेना. मागे माणसे खोळंबली होती. समोर केळी दिसली, मी म्हटले, एक डझन केळी दे. केळी पिशवीत घालून ती म्हणाली, "भाऊ, ही तुमच्याच वाडीतली हायेत. सकाळी तुम्हीच आणून घातलीत ना मला विकायला?" मी पैसे दिले आणि स्वतःची केळी विकत घेऊन घरी आलो.

माझ्या मोडक्या इंग्रजीत एवढे सांगून होईपर्यंत बराच वेळ गेला. कोणी हसले नाही. टीचरांनी विहिरीकडे बोट दाखवले.

मी बादली काढली आणि सवयीने सोनचाफ्याकडे गेलो. तोपर्यंत तो माझ्या डोक्याच्याही वर वाढला होता. मागून आवाज आला. "तो तुमचा नाही."

"माधुरीचा आहे."

"म्हणून तर म्हणते. तुम्ही तुमचं निवडा."

"पण याला पाणी कोण घालणार?"

"त्याला आता लागत नाही. मुळं विहिरीच्या ओलीपर्यंत गेलीत."

बादली तिथेच आदळून निघून जावे असे मनात आले होते. मी गेलो नाही. कोपऱ्यात एक पपनस आहे, त्याला आजवर फळ धरलेले नाही. मी ते पाणी त्याला घातले. अजूनही फळ धरलेले नाही.

त्या रविवारी रियाला केळ्यांची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली, की स्नेहल स्वयंपाकघरातून पाहायला आली. "अँड देन, आजोबा?" मग मी ती केळी खाल्ली का? भाजीवालीने पैसे परत दिले का? दुसऱ्या दिवशी मी काय आणले? दुसऱ्या दिवशी मी वांगी आणली होती आणि ती कशी करतात ते मला माहीत नव्हते. ही वेगळी गोष्ट होती, तीही सांगितली. त्यानंतर फोन पुन्हा दर रविवारी येऊ लागला.

वर्षभर असे चालले. एकेक वाक्प्रचार, एकेक बादली. परवा शुक्रवारी मी शेवटच्यापर्यंत पोहोचलो. टीचर म्हणाल्या, "आता हा. 'वॉटर अंडर द ब्रिज'." पुलाखालून वाहून गेलेले पाणी. झाले ते झाले, आता मनात काही नाही.

मग त्यांनी माधुरीचा हाच का राहिला होता ते सांगितले. तिच्या भावाने कामणचे शेत तिला न विचारता विकले होते. शेतातली विहीर बुजवली गेली आणि तिथे गोदाम उभे राहिले. ती विहीर तिच्या वडिलांनी स्वतः खणली होती. तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. रुग्णालयात भाऊ भेटायला आला, ती त्याच्याशी नीट बोलली, त्याला बिस्किटे दिली. मला वाटले होते, मिटले. टीचरांनाही वाटले, म्हणून त्यांनी तिला तीच गोष्ट सांगायला सुचवले. "त्या म्हणाल्या, बोलले मी त्याच्याशी, पन ते अजून नाय गेलं. गेलं म्हटलं तर खोटं होईल. मी म्हटलं, मग राहू द्या. तुम्ही जिन्यापाशी आलात, त्याच्या पाच मिनिटं आधीची गोष्ट."

नंतर मी उभा राहिलो आणि इंग्रजीत सांगितले, की माझ्या पत्नीला एक बादली न दिल्याबद्दल मी एका टीचरवर दोन वर्षे रागावलो होतो. आता मला कारण कळले आहे. 'दॅट इज वॉटर अंडर द ब्रिज.'

टीचरांनी चष्मा काढून पुसला.

"सगळं गेलं?"

मी विचार केला. कारण कळले होते. तरी त्यांच्या जागी मी असतो, तर ती बादली ओतली असती, असे मला तेव्हाही वाटत होते. आजही वाटते.

"बरंचसं," मी म्हटले.

"बरंचसं याला बादली नाही. बसा."

मी बसलो. इतर लोक याला टीचरांची तत्त्वनिष्ठा म्हणतील. त्यांनी तसे आपापल्या लेखांत म्हटलेच असेल. या बाई अशक्य आहेत, एवढेच मी म्हणतो. माझ्या घरातल्या कोणालाही त्यांनी आजवर खोटे बोलून पास होऊ दिलेले नाही.

आज संध्याकाळी फोन येईल. रिया विचारेल, झालात का पास? मी नाही म्हणेन. का नाही, ते सांगावे लागेल, म्हणजे कामणची विहीर सांगावी लागेल, रुग्णालयाचा जिना सांगावा लागेल, आणि 'अँड देन' तर असणारच. एका रविवारात ते संपणार नाही.

टीचरांना पंचाहत्तरीनिमित्त शुभेच्छा देताना मी स्वतःचे हित पाहतो आहे, हे लपवत नाही. जे राहिले आहे ते माझ्या मनातून इतक्यात जाईल, अशी चिन्हे नाहीत. कदाचित बरीच वर्षे लागतील. तोपर्यंत खरे-खोटे पाहायला टीचरांनी ओटीवर असले पाहिजे, गुडघे, डोळे आणि कान शाबूत ठेवून, आणि तुंबलेल्या पाण्यातून कोठेही न जाता. त्यांनी माझ्यासाठी खूप जगावे.

वीज आली आहे. मी सकाळी बटण तसेच ठेवले होते, त्यामुळे पंप आपोआप सुरू झालेला ऐकू येतो. दुपारनंतरची पाळी शेजाऱ्यांची आहे. मी बंद करून येतो.